तरुणांची हिंसा आणि गावाचा हिशेब

आग्रही : तरुणांच्या हातून घडणारी हिंसा अचानक घडल्यासारखी वाटते, कारण बातमीत ती फक्त शेवटच्या दिवशी येते. त्याआधीची दोन-तीन वर्षे ती गावाच्या डोळ्यांदेखत वाढत असते. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्यात तिच्या पायऱ्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, मूल आजीजवळ राहते. शाळेतली हजेरी तुटू लागते. दहावीला किंवा बारावीला एखादा विषय राहतो, पुन्हा परीक्षेला बसायचे धैर्य होत नाही. मग स्टेशनाजवळच्या टपरीवर दिवस जातो. कुणाच्या तरी वाढदिवसाला केक तलवारीने कापला जातो आणि त्याचे चित्रण मोबाईलवर फिरते. वरातीत नाचताना धक्का लागतो, शिवी दिली जाते, आणि तोवर कुणाच्या तरी कमरेला खंजर आलेला असतो. यातली हजेरी मास्तरांना ठाऊक असते, रात्री उशिरा घरी येणे आजीला, कमरेचा खंजर टपरीवाल्याला, दोन पोरांमधले वैर पोलीस पाटलाला. प्रत्येकाजवळ एक तुकडा असतो आणि तो प्रत्येकजण स्वतःजवळच ठेवतो. समाजाचे सहकार्य म्हणजे हे तुकडे वेळेवर एका ठिकाणी येणे. त्यासाठी नवी संघटना काढण्याची गरज नाही. गाव बाल संरक्षण समिती शासनाने ठरवून दिलेली आहेच. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि मुलांचे प्रतिनिधी. गावातली सगळी महत्त्वाची नजर त्या एका यादीत आहे.

साशंक : यादीत नजर आहे, पण ती कुणाची हा प्रश्न राहतो. ‘समाज’ हा शब्द उच्चारला की एकजीव, शहाणे, सर्वांचे भले चिंतणारे गाव डोळ्यांसमोर येते. मराठवाड्यातले गाव तसे नाही. ते गल्लीत, भावकीत, वस्तीत विभागलेले आहे आणि हिंसा पुष्कळदा त्याच रेषांवरून चालते. नांदेडजवळच्या बोंढार हवेली या गावात १ जून २०२३ रोजी एका दलित तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघाली याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. त्याच वर्षी जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्याच पिंपरी महिपाल येथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तिच्याच वडिलांना आणि नातेवाइकांना अटक झाली. या दोन्ही ठिकाणी टपरीवर वाया गेलेले एकटेदुकटे पोर नव्हते. पहिल्या घटनेत एका बाजूला गावातला एक समूह दिसतो, दुसरीत घर. तरुण माणसाला गावापासून आणि घरापासूनच धोका असेल, तर त्याच गावाची समिती त्याचे रक्षण कसे करणार? समितीतले लोक कुणाच्या ना कुणाच्या भावकीतलेच असतात.

थोडे मागे गेले तर हे अधिक स्पष्ट दिसते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आग लागली. नामांतरविरोधी आंदोलनात महाविद्यालयीन विद्यार्थी पुढे होते. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या पोरांना बिघडलेली पोरे कोणी म्हटले नाही. ती शिकलेली होती, घरची होती, आणि त्यांच्या मागे वडीलधाऱ्यांची मूक संमती होती. त्यावेळीही गावागावांत सहकार्य होतेच. ते कशासाठी झाले, हे आठवणीत ठेवावे लागते.

आग्रही : ही आठवण टाळून पुढे जाता येत नाही. १६ वर्षे तो प्रश्न पेटत राहिला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतराच्या मागणीसाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. या १६ वर्षांत तरुणांनी काय गमावले याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण १९७८ वरून समाज म्हणजे निव्वळ धोका, असा निष्कर्ष काढायचा असेल, तर त्याच मातीतली दुसरी घटनाही तपासावी लागेल, आणि ती तर खुद्द उमरीची आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तुकडीने उमरीच्या बँकेवर हल्ला केला. निजामाच्या राज्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी चळवळीचे कॅम्प होते. साहेबराव बारडकर, आबासाहेब लहानकर, नागनाथ परांजपे यांच्यासारखे कार्यकर्ते या मोहिमेत होते. लाखो रुपये हाती आले. हातात बंदुका, पोटात भूक, समोर नोटांची बंडले, आणि आजूबाजूला कायद्याचे राज्य कोसळलेले. तरुण भरकटायला याहून अधिक अनुकूल परिस्थिती कोणती असू शकते? तरीही ती रक्कम चळवळीकडे जमा झाली आणि तिचा हिशेब ठेवला गेला. मराठवाड्यात ही गोष्ट आजही सांगितली जाते ती लुटीपेक्षा हिशेबासाठी. तरुणांजवळ शस्त्र असूनही ते आवरले गेले, कारण त्यांच्यामागे त्यांना ओळखणारी, त्यांच्यावर काम सोपवणारी आणि परत आल्यावर विचारणारी माणसे होती.

साशंक : घटना खरी आहे आणि मोलाची आहे. पण १९४८ हे साल जानेवारीत संपत नाही. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर निजामाचे राज्य गेले, आणि रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या याच भागात सूड उगवला गेला. ज्यांनी कधी शस्त्र पाहिलेही नव्हते असे मुसलमान मारले गेले, लुटले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. राज्यभरातल्या मृतांचा समितीचा अंदाज २७ हजार ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके उघड झाला नाही. जानेवारीत नोटांचा हिशेब ठेवला गेला आणि सप्टेंबरनंतर माणसांचा ठेवला गेला नाही. भूभाग तोच, पिढीही तीच, मधे गेले ते आठ महिने. तेव्हा तरुणांना समाजाने हाताशी धरले की ते सावरतात, असे सरसकट म्हणता येत नाही. जानेवारीत त्यांना कुणाला तरी उत्तर द्यायचे होते. सप्टेंबरमध्ये उत्तर मागणारे कुणी उरले नव्हते, उलट शाबासकी देणारे होते. उमरीच्या उदाहरणातून सिद्ध होते ते उत्तरदायित्वाचे महत्त्व. सहकार्य ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि ती दोन्ही दिशांनी चालते.

आग्रही : हा भेद मान्य करायला हवा, आणि त्याने मूळ म्हणणे अधिक नेमके होते. फक्त सुंदरलाल समितीच्या अहवालातली आणखी एक नोंद त्याला जोडावी लागेल. आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू समितीला ठिकठिकाणी आढळले. एकाच धंद्यातली माणसे एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली, आणि त्यात विणकरांचा उल्लेख आहे. म्हणजे गाव फुटले तेव्हाही माग फुटला नाही. रोज शेजारी बसून केलेल्या कामाने जे नाते तयार झाले होते, ते धर्माच्या नात्याला पुरून उरले. तरुणांसाठी काही उभारायचे असेल, तर त्याचा पाया भावकीत शोधू नये, अशा कामात शोधावा जिथे वेगवेगळ्या वस्त्यांतली पोरे रोज एकत्र येतात.

आजच्या गावात अशी जागा आहे. पहाटे साडेचार-पाचला कुठल्याही रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती, आता अग्निवीर. सोळाशे मीटरला, गोळाफेकीला जात विचारली जात नाही. धावणाऱ्यांत एखादा जुना फौजी असतो, वेळ लावतो, कुणी दोन दिवस आला नाही तर घरी जाऊन विचारतो. या पोरांना आणखी एक गोष्ट नीट कळलेली असते. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकणार आणि भरती संपली. एवढ्या धाकाने कितीतरी मुले भांडणातून पाय मागे घेतात. समितीच्या यादीत हा फौजी नाही. तो असायला हवा.

साशंक : मैदानाचे उदाहरण चांगले आहे, पण त्याचा कच्चा भागही तिथेच आहे. भरतीच्या जागा थोड्या आणि धावणारे पुष्कळ. वयाची मर्यादा उलटली की पंचविशी-तिशीतला तरुण मैदानातूनही बाहेर पडतो. त्यानंतर त्याला कोण विचारतो? इथे कायद्यातली मोठी पोकळी दिसते. बाल न्याय अधिनियम २०१५, बाल कल्याण समिती, गाव बाल संरक्षण समिती, ही सगळी व्यवस्था अठराव्या वर्षी थांबते. गावातल्या मारामारीत, वरातीतल्या वादात, मिरवणुकीतल्या भोसकाभोसकीत अठराच्या पुढची पोरे नसतात काय? त्यांच्यासाठी थेट पोलीस ठाणे आणि न्यायालय एवढेच आहे. मदतीची पायरी नाहीच.

अठराच्या आतल्यांसाठीही समाजाचा विश्वास डळमळीत आहे. कायद्यानुसार बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मंडळ प्राथमिक पडताळणी करते आणि प्रौढ म्हणून खटला चालवायचा का ते ठरवते. सुधारणा आणि जबाबदारी यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. पण मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला, सतरा वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, आणि लोकांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली : सुधारणेची संधी पैसेवाल्यांच्या मुलांना, आणि गरिबांच्या मुलांना निरीक्षणगृह. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला तरुणांना आधार द्या हे वाक्य कसे ऐकू जाते, याचा विचार सहकार्याची भाषा करणाऱ्यांनी केला पाहिजे.

आग्रही : पीडितांचा आवाज बाहेर ठेवून उभे केलेले सहकार्य टिकत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा अनुभव याच कारणासाठी उपयोगी आहे. चाकूहल्ल्यांसाठी ते शहर बदनाम होते. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी वेगळे पथक नेमले आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखे पाहायला सुरुवात केली. कुठून पसरते, कुणाकडून कुणाकडे जाते, कुठे अडवता येते. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयाच्या दालनात बोलावण्यात आले, खटल्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. पोलिसांनी सांगितले की यापुढे एकाने वार केला तर साऱ्या टोळीवर कारवाई होईल. शल्यविशारदाने जखमा कशा असतात ते सांगितले. मुलगा गमावलेली आई बोलली. आणि शेवटी कामाची, प्रशिक्षणाची, व्यसनमुक्तीची मदत हवी असेल त्याला एक फोन क्रमांक दिला गेला. धाक, दुःख आणि मदत ही तिन्ही एका दालनात, एका दिवशी समोर आली. आपल्याकडे धाक पोलीस ठाण्यात असतो, दुःख वस्तीत असते आणि मदतीची योजना तालुक्याच्या कार्यालयात. तिघांची गाठ पडत नाही. अठराच्या पुढच्या तरुणांसाठी कायद्याने समिती नाही, तरी असे दालन उघडायला कायद्याची आडकाठीही नाही.

साशंक : अशी गाठ घालण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने केला आहे. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना लाखो रुपयांची बक्षिसे मिळाली. बांधाची, वाटणीची, पाण्याची कित्येक भांडणे कोर्टाबाहेर मिटली, आणि ती मिटली हे चांगलेच झाले. पण यशाचे माप मिटलेले तंटे हे असले, तर दुबळ्या बाजूवर मिटवून घेण्याचा दाब येणार हे उघड आहे. दोन सारख्या घरांतल्या भांडणात तडजोड न्याय देते. छेड काढलेल्या मुलीला आणि छेड काढणाऱ्या पाटलाच्या मुलाला एका पंगतीत बसवून गावाच्या नावासाठी विषय संपवला, तर तो मुलगा एकच शिकतो की आपल्यामागे गाव आहे. पुढच्या हिंसेची ती शिकवणी असते. बक्षिसाची कमान वेशीवर उभी राहते आणि मुलगी शाळा सोडते.

दुसरा धोका माहितीच्या देवाणघेवाणीतच आहे. मास्तर, पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका एका मुलाबद्दल बोलू लागले, की तो मुलगा गावभर ‘तसला’ ठरतो. या महाराष्ट्राला हे नवे नाही. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक जमातींतली मुले जन्मतःच गुन्हेगार ठरवली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिला छापा आजही त्यांच्या पालावर पडतो. समितीच्या वहीत पहिले नाव कुणाच्या मुलाचे चढेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुलाची ओळख उघड करू नये असे बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम सांगते. गावात मात्र ओळख लपवायला जागाच नसते.

आग्रही : म्हणून वहीत मुलाचे नाव लिहू नये, समितीने काय केले ते लिहावे. कोण किती दिवस शाळेत नाही याची नोंद शाळेच्या हजेरीपटावर असतेच. समितीच्या वहीत यावे ते एवढेच : कुणी भेट दिली, कोणत्या तारखेला, काय ठरले, पुढची भेट केव्हा. उमरीच्या रकमेचा हिशेब ठेवला गेला तो ज्यांच्या हाती विश्वासाने ती आली होती त्यांनी. इथेही हिशेब मोठ्यांनी द्यायचा आहे. आणि मुलाशी कोण बोलणार हे समितीने ठरवू नये, मुलाला विचारावे. कुणाला तो धावायला नेणारा फौजी जवळचा वाटेल, कुणाला आत्या, कुणाला ज्याच्या गॅरेजमध्ये दोन महिने हात काळे केले तो मेस्त्री. तडजोडीबाबत सीमाही कायद्याने आखलेली आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा, लैंगिक गुन्हा, जीवघेणा हल्ला हे मिटवण्याचे विषयच नाहीत. तिथे पोलीस पाटलाने ठाण्याला कळवायचे असते. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने ते त्याचे कामच ठरवले आहे. ज्या मुलाने गुन्हा केला त्याचेही दार बंद होत नाही. प्रौढ म्हणून खटला न चाललेल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, असे बाल न्याय अधिनियमाचे २४ वे कलम सांगते. ही एवढी गोष्ट किती आईबापांना ठाऊक आहे?

साशंक : फारच थोड्यांना. आणि तिथे सहकार्याचे काम खरोखर आहे, हे कबूल केले पाहिजे. तरी मूळ गाठ सुटलेली नाही. मुलाला वेळेवर ओळखायला जवळचा माणूस लागतो, आणि जवळचा माणूस कुठल्या तरी बाजूचा असतो. लांबच्या अधिकाऱ्याला बाजू नसते, पण त्याला मूल दिसत नाही. गावाने पाहावे आणि बाहेरच्याने विचारावे, अशी मांडणी तर्काला पटते. पण विचारणारा तो बाहेरचा माणूस तालुक्याहून किती वेळा येईल? तो आलाच नाही, तर गाव पुन्हा आपल्याच माणसांना उत्तर देणार, म्हणजे कुणालाच देणार नाही. यातून सुटण्याची एक कसोटी तरी ठरवता येते. १३ एप्रिलच्या रात्री, दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार यावरून दोन वस्त्यांतली पोरे तोंडाला तोंड देऊन उभी असतील, तेव्हा समितीतले कोण तिथे जाईल, आणि दोन्हीकडची पोरे त्याचे ऐकतील का? ज्या गावात असे एकही नाव निघत नाही, तिथे समितीचा कागद कितीही नीट असला तरी समिती नाही.

आग्रही : आणि जिथे एक नाव निघते, तिथे तो माणूस एकटा पडू नये हे पाहण्याचे काम बाकी राहते. त्या रात्री तो एकटाच गेला तर पुढच्या वर्षी जाणार नाही. त्याच्यासोबत दुसऱ्या वस्तीतली एखादी बाई, मैदानावरचा फौजी, दोन मास्तर असे चौघेजण आधीपासून एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. ही ओळख मिरवणुकीच्या रात्री होत नाही. ती आदल्या पावसाळ्यात, शाळा सुटलेल्या एखाद्या मुलाच्या घरी एकत्र गेल्याने होते. बाहेरच्या माणसाची उणीव याने भरून निघत नाही, हे खरेच.

साशंक : मग ती उणीव भरण्यासाठी कायद्याने आधीच देऊन ठेवले आहे ते तरी मागावे. बाल न्याय अधिनियमाच्या १०७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. उमरी तालुक्यातल्या कुणाही पालकाला ठाण्यात जाऊन त्या अधिकाऱ्याचे नाव विचारता येते, आणि ग्रामपंचायतीत जाऊन गाव बाल संरक्षण समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली तेही विचारता येते. ते विचारावे. मूल संकटात असेल, मग ते मार खाणारे असो की मारायला निघालेले, तर १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.